पाच पॉइंटांची घरं

यवतमाळात सत्तरच्या दशकात कुणी नवं घर बांधलं की वायरिंगचा हिशेब पॉइंटांत व्हायचा. वास्तुशांतीला आलेला पाहुणा भिंतीकडे बघत विचारायचा, "किती पॉइंट काढले, भाऊ?" पुढच्या खोलीत एक, मधल्या घरात एक, स्वयंपाकघरात एक, मागच्या सपरीत एक आणि रेडिओसाठी एक प्लग. झाले पाच. पुसद, दिग्रस, दारव्हा, घाटंजी, वणी, कुठेही गेलं तरी मध्यमवर्गीय घराची मोजणी याच्याच आसपास असे. दिवे लागावेत एवढ्यासाठीच वीज घरात आली होती. ती पाणी तापवील, भात शिजवील, कपड्यांना इस्त्री करील हे वायरिंग करणाऱ्याच्या मनात नव्हतं आणि करून घेणाऱ्याच्याही नव्हतं. आमच्या पिढीच्या मनात विजेबद्दल जी धास्ती बसली आणि तिच्यापाठोपाठ जी शिस्त आली, तिचं मूळ इथं आहे. दिव्यांसाठी ओढलेल्या तारेकडे आम्ही उष्णता मागितली.

भिंतीत लाकडी गुट्ट्या ठोकायच्या, त्यांवर सागाची पट्टी बसवायची आणि पट्टीवर पत्र्याच्या क्लिपांत तार दाबत न्यायची, अशी ती वायरिंग. सागवानाला आमच्या जिल्ह्यात तोटा नव्हता. दर दिवाळीला भिंतीबरोबर पट्टीवरही चुन्याचा हात फिरे, त्यामुळे काही वर्षांनी तार कुठली आणि पट्टी कुठली हे बोटाने चाचपूनच कळे. चिनी मातीचे किटकॅट फ्यूज, काळी गोल बटनं, दाराच्या वर लोखंडी पेटीतला मेन. वायरमन तारेची जाडी दोन आकड्यांत सांगत. लाइटला तीन-बावीस, पावरला सात-वीस. पहिला आकडा आतल्या तारांचा, दुसरा त्यांच्या गेजचा, आणि गेजचा आकडा जितका लहान तितकी तार जाड. तीन-बावीसमध्ये जेमतेम सव्वा चौरस मिलिमीटर तांबं, सात-वीसमध्ये साडेचारच्या पुढे. पावरची वेगळी तार ओढायची तर खर्च वाढे, म्हणून बहुतेक घरांत ती ओढलीच जात नसे. कुठे तांब्याऐवजी ॲल्युमिनियम वापरून आणखी बचत होई. ॲल्युमिनियम स्क्रूखाली हळूहळू दबत जातं, जोड सैल होतो, वर ऑक्साइडचा थर चढतो आणि जोड तापू लागतो. बोर्डाजवळ जळकट वास येणं, बटनाभोवतीचा चुना आधी पिवळा आणि मग काळा पडणं, हे आमच्यापैकी बहुतेकांनी घरातच पाहिलेलं आहे.

यवतमाळची ख्याती उन्हाची. पण हे गाव पठारावर, वणीपेक्षा बरंच उंचावर आहे आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे इथला गारठा हाडांत शिरतो. आंघोळीचं पाणी तांब्याच्या बंबात नाहीतर चुलीवरच्या हंड्यात तापे. जळण पऱ्हाटीचं आणि तुराटीचं. वेचणी संपली की उपटलेल्या पऱ्हाट्यांचे भारे बंडीवरून येत आणि मागच्या सांदवाडीत रचले जात. शेती असलेल्यांचं त्यावर भागायचं. भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या मास्तर-कारकुनांना भारे ठेवायला जागा नव्हती, रॉकेल रेशनवर मिळे आणि गॅसचा नंबर लागायला वर्षं जात. अशा घरांत आधी मातीच्या चकतीची विजेची शेगडी आली आणि मग पाणी तापवायचा रॉड.

रॉडची जागा ठरलेली असे, मागची टिनाची सपरी. सायकल तिथेच, पुढे लूना आली तीही तिथेच, आणि ज्यांच्याकडे स्कूटर आली त्यांनी तीही तिथेच उभी केली. नव्या वस्त्यांतल्या घरांत हिलाच गॅरेज म्हणतात. एका कोपऱ्यात गंगाळ, बादली, दगडी मोरी. दुसऱ्या कोपऱ्यात गाडी आणि तिच्याजवळ पेट्रोलचा अर्धा भरलेला डबा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत साचते आणि सैल प्लगमधल्या ठिणगीनेही पेट घेऊ शकते. हे शास्त्र आमच्या घरात कुणी मांडून सांगितलं नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्या आबाजींनी सपरीतला प्लग छातीच्या उंचीवर घ्यायला लावला होता आणि रॉड लावायच्या आधी गाडी अंगणात काढायची, हा त्यांचा नियम होता. गॅरेजमध्ये हीटर बसवणाऱ्याला आजही सांगतात ते हेच. प्लग आणि हीटर जमिनीपासून वर, आणि इंधन लांब.

रॉड लावणं हे घरातलं जोखमीचं काम आणि ते बहुतेक घरांत आईच करी. क्रम ठरलेला. आधी बादलीत पाणी, मग पाण्यात रॉड, मग प्लग, सगळ्यात शेवटी बटन. काढताना बरोबर उलटं. पायाखाली कोरडी फळी आणि पायात स्लिपर. "चप्पल घाल पायात, मंग हात लाव बटनाले," हे वाक्य आमच्यापैकी प्रत्येकाने हिवाळ्याच्या प्रत्येक सकाळी ऐकलं आहे. पाणी तापलं का हे बघायला कुणी बोट पुढे केलं की आतून आवाज यायचा, "आधी प्लग काढ! बटनावर भरोसा नको ठेवू." बटनावर भरोसा का नाही, हे तिने कधी सांगितलं नाही, पण त्यामागे पक्कं कारण होतं. पुष्कळ घरांत फेज आणि न्यूट्रल उलटसुलट जोडलेले असत. बटन न्यूट्रलवर बसलं असेल तर ते बंद केल्यावर रॉड तापायचा थांबतो, पण फेज त्याच्यात तसाच उभा राहतो. प्लग उपसला की दोन्ही तारा सुटतात. आईचा नियम वायरिंगच्या पुस्तकातल्या नियमापेक्षा एक पाऊल पुढेच होता.

रॉडला स्वतःहून बंद होणं माहीत नव्हतं. पाणी कोमट झालं काय, उकळलं काय, आटलं काय, तो तापतच राहायचा. म्हणून माणूस बसवावा लागे. परीक्षेचा अभ्यास करणारी बहीण पुस्तक घेऊन सपरीच्या दाराशी बसे आणि लहान भावंडांना आत येऊ देत नसे. संध्याकाळी व्होल्टेज उतरलं की हे बसणं लांबायचं. रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, त्यामुळे २३० व्होल्टचा हजार वॅटचा रॉड १६० व्होल्टवर पाचशे वॅटही देत नाही. एरवी अर्ध्या तासात तापणारी बादली तासभर घेई. "लाईन डिम हाय आज," एवढंच कुणीतरी म्हणे आणि बहीण पुढचा धडा काढी.

त्या रॉडकडे जरा जवळून बघायला हवं. वरून तो चकचकीत नळीचा वेटोळा दिसतो. आत मधोमध नायक्रोमची बारीक तार असते आणि तार व नळी यांच्यामध्ये मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी भुकटी ठासून भरलेली असते. ही भुकटी उष्णता जाऊ देते, वीज जाऊ देत नाही. सगळी सुरक्षितता तिच्यावर. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड. महिन्या-दोन महिन्यांत रॉडवर क्षाराचं जाड कवच चढे. कवचाखाली नळी प्रमाणाबाहेर तापते, बारीक तडा जातो, पाणी आत शिरतं, भुकटी ओली होते. रॉड तरीही पाणी तापवतच राहतो. फरक इतकाच, की आता पाण्यातही करंट असतो. बादली लोखंडी असेल तर बादलीतही. कवच दगडाने ठोकून काढायची पद्धत घरोघरी होती, आणि त्या ठोकण्यानेच कित्येक रॉड आतून गेले. रात्रभर व्हिनेगरच्या किंवा लिंबाच्या पाण्यात ठेवला तर क्षार आपोआप सुटतात.

मातीच्या शेगडीची गोष्ट आणखी उघडी होती. नागमोडी खाचेत बसवलेली स्प्रिंग लालबुंद व्हायची आणि तिच्यात खेळणारी वीज डोळ्यांसमोर, हाताच्या अंतरावर असायची. स्प्रिंग तुटली की नवी आणण्याऐवजी दोन टोकं ओढून पीळ मारायचे. प्रत्येक जोडाबरोबर स्प्रिंग थोडी आखूड होई, तिचा रोध घटे आणि ती पूर्वीपेक्षा जास्त करंट ओढू लागे. दिव्याच्या तारेवर आधीच ताण, त्यात ही भर. फ्यूज उडाला की त्यात फ्यूजच्या तारेऐवजी जाड तार घालणारे शेजारीही होते. मग फ्यूज उडत नसे, भिंतीवरची तारच जळे. भातात चमचा घालताना तो स्प्रिंगला लागला आणि हात झिणझिणला, हे तर इतक्या घरांत झालं की त्याचं कुणाला नवल राहिलं नव्हतं. नवल राहायला हवं होतं. जीव घ्यायला ३० ते १०० मिलिअँपियर पुरतात, आणि फ्यूज उडायला त्याच्या शेकडो पट करंट लागतो. फ्यूज तार वाचवतो, माणूस वाचवत नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

माणसाला वाचवायला होती अर्थिंग. आमच्या जिल्ह्यात ती टिकवणं अवघड, आणि त्याचं कारण मातीत आहे. काळी कसदार कपाशीची जमीन पावसाळ्यात चांगली वीजवाहक असते. एप्रिल-मे महिन्यांत तीच जमीन भेगाळते आणि पुरलेल्या पाइपापासून अक्षरशः सुटून उभी राहते. खाली लागलीच मुरूम आणि काळा दगड. पाइपाभोवती कोळसा आणि मीठ भरतात ते ओल धरून ठेवण्यासाठी, आणि वरून पाणी घालायचं असतं ते याच महिन्यांत. पण यवतमाळात उन्हाळ्यात पिण्याच्याच पाण्याची मारामार. निळोण्याच्या धरणात पाणी किती उरलं, यावर घरोघरी चर्चा चालायच्या. अशा गावात मातीला कोण पाणी पाजणार? काही घरांत भांडी विसळलेलं पाणी रोज अर्थिंगच्या खड्ड्यात ओतायची सवय होती. ती सवय लावणाऱ्या बाईला मी मोठी इंजिनियर मानतो. अर्थिंगचा रोध ५ ओहम असेल तर बिघाड झाल्याक्षणी ४६ अँपियर करंट जमिनीत उतरतो आणि फ्यूज जागच्या जागी उडतो. तोच रोध ५० ओहम झाला तर पाच अँपियरही वाहत नाही. फ्यूज शाबूत राहतो आणि गिझरचं, कूलरचं, इस्त्रीचं अंग तसंच भारलेलं राहतं, कुणाचा तरी ओला हात लागेपर्यंत.

आणखी एक प्रकार सर्रास चालायचा. अर्थची तार वेगळी न पुरता नळाच्या लोखंडी पाइपाला गुंडाळायची. पाइप जमिनीतून लांबवर गेलेला असल्यामुळे ती अर्थिंग कामही करी, फक्त एका घरातला करंट कधीकधी शेजारच्या नळाला यायचा. पुढे लोखंडी पाइप गंजले आणि त्यांच्या जागी प्लास्टिकचे आले. त्या दिवशी त्या घरांची अर्थिंग संपली. प्लंबरने पाइप बदलला, वायरमनला कुणी बोलावलं नाही, आणि बोर्डावरचं तिसरं भोक दिसायला पूर्वीसारखंच राहिलं. ज्यांची घरं त्या काळातली आहेत, त्यांनी ही गोष्ट आवर्जून तपासावी.

टिनाच्या सपरीचा स्वतंत्र धोका होता. घरातून सपरीत नेलेली तार टिनाच्या धारेवरून वाकवलेली असे. वाऱ्याने टिन हालायचं, तारेचं आवरण घासून जायचं आणि पहिल्या पावसात सगळी सपरी भारायची. त्याच टिनाच्या खांबाला कपडे वाळत घालायची लोखंडी तार बांधलेली. आई ओले कपडे पिळून वाळत घालायला जाई तीच त्या तारेकडे. पावसाळ्यात विदर्भातल्या वर्तमानपत्रांत अशा मृत्यूंच्या बातम्या आजही येतात आणि पुष्कळदा त्यात बाईच असते, नाहीतर तिला सोडवायला धावलेला नवरा किंवा मुलगा. आमच्या गल्लीतले एक वायरमन काका सगळ्यांना दोरीच बांधायला लावत, नायलॉनची. तार दिसली की ते स्वतः पक्कड घेऊन कापून टाकायचे आणि कुणी रागावलं तरी ऐकायचे नाहीत. टिनातून तार नेताना ती पाइपात घालायची आणि टिनाचं छतच जाड तारेने अर्थला जोडायचं, हेही त्यांनी शिकवलं.

या वायरमनांबद्दल दोन शब्द लिहायलाच हवेत. बहुतेक जण आयटीआयमध्ये तारतंत्री किंवा वीजतंत्री होऊन आलेले. सायकलच्या कॅरिअरला पिशवी, पिशवीत टेस्टर, पक्कड, चाकू, काळी टेप आणि होल्डरला दोन तारा जोडलेला शंभरचा बल्ब. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये तो बल्ब लावून बघायचा. लख्ख पेटला तर अर्थिंग ठीक धरायची, मिणमिणला तर खड्ड्यात पाणी घाला, पेटलाच नाही तर अर्थिंग नाही. दुकानात सिरीज बोर्ड असे. दुरुस्त केलेली इस्त्री किंवा शेगडी आधी बल्बमागे सिरीजमध्ये लावून बघितल्याशिवाय ते गिऱ्हाइकाच्या हातात देत नसत. एमएसईबीची, म्हणजे राज्य वीज मंडळाची, नवी जोडणी घ्यायची तर परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागायचा, आणि चांगला वायरमन तारांचं आवरण तपासणारा मेगर लावल्याशिवाय सही घेऊ देत नसे. १९६० साली स्थापन झालेलं ते मंडळ २००५ च्या जूनमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांत विभागलं गेलं, पण गावात अजूनही "बोर्डाचा माणूस आला" असंच म्हणतात.

नव्वदनंतर गिझर आला आणि त्याच्याबरोबर थर्मोस्टॅट. ज्या घरांत बहिणीला बादलीपाशी बसवावं लागायचं, त्या घरांना ही वस्तू किती मोठी वाटली असेल! गिझरच्या खालचं झाकण काढलं की तो दिसतो. पितळी नळी टाकीत गेलेली, नळीत इन्व्हार नावाच्या मिश्रधातूची सळई. पितळ तापलं की लांबतं, इन्व्हार जवळजवळ लांबत नाही. या दोहोंतल्या फरकाने सळई खेचली जाते आणि संपर्क तुटतो. पाणी निवलं की पुन्हा जुळतो. याच्या शेजारी एक कटआउट असतो, थर्मोस्टॅटचे संपर्क चिकटून बसले तर शेवटी वीज तोडणारा. आणि दोन्ही हरले तर टाकीवरचा सेफ्टी वॉल्व्ह. काम भागतं म्हणून कटआउटला वळसा घालून सरळ तार जोडणारे मेकॅनिक आहेत. अशा माणसाला दुसऱ्यांदा घरात घेऊ नये.

दोन हजार वॅटचा गिझर पावणेनऊ अँपियर ओढतो, तीन हजारांचा तेरा. पाच अँपियरच्या जुन्या प्लगवर तो लावून चालणार नाही. त्याला मेनपासून वेगळी तांब्याची तार हवी, निदान अडीच चौरस मिलिमीटरची, मोठ्या गिझरला चारची. सोळा अँपियरचा प्लग, दोन्ही तारा एकदम तोडणारं डबल पोल बटन आणि त्या तारेला शोभेल असा एमसीबी. थर्मोस्टॅट नेहमी फेजवर बसायला हवा. तो न्यूट्रलवर बसला तर गिझर बंद दिसतो आणि एलिमेंट भारलेलं राहतं, म्हणजे आईचा जुना धडाच पुन्हा. आमच्यातल्या काहींनी पुढे गावाकडे कोंबड्यांचे शेड टाकले. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३२ ते ३५ अंशांची ऊब लागते. तिथे एका थर्मोस्टॅटवर चार-पाच हीटर लावून तो जाळून घेतलेलेही पाहिले. थर्मोस्टॅट किती अँपियर सोसतो हे त्याच्यावर छापलेलं असतं. भार त्याहून जास्त असेल तर थर्मोस्टॅटने फक्त कॉन्टॅक्टर चालवायचा आणि हीटरचा करंट कॉन्टॅक्टरने पेलायचा.

आता आमच्या पिढीचे आईबाप त्याच पाच पॉइंटांच्या घरांत एकेकटे राहतात. मुलं पुण्या-नागपुराला. घराला रंग नवा, फरशी नवी, टीव्ही भिंतीवर, आणि पट्टीवरची तार तीच. मुलाने प्रेमाने पाठवलेला गिझर आणि कूलर त्याच तारेवर. उन्हाळ्यात कूलरच्या टाकीत पाणी ओतताना शॉक लागून माणसं जातात, आणि महावितरण दर वर्षी सांगतं की आधी प्लग काढा, मग पाणी भरा.

म्हणून एक काम करा. या दिवाळीला घरी जाल तेव्हा मेनच्या पेटीजवळ ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी आहे का ते बघा. जाणाऱ्या आणि परतणाऱ्या करंटमध्ये एवढासा फरक पडला तरी तो क्षणार्धात वीज तोडतो, अर्थिंग कमजोर असली तरीही. असेल तर त्यावरचं टेस्टचं बटन दाबा. खटका पडला नाही तर तो बदला. मुळात बसवलेलाच नसेल तर परवाना असलेल्या वायरमनला बोलावून बसवून घ्या, अर्थिंग मोजून घ्या, आणि तोवर आईला सपरीत रॉड लावू देऊ नका.